थांबा म्हणणारा निरोप

फ्रिजच्या मधल्या कप्प्यातल्या खोक्याला हात लावायचा नाही, असं मामीने तुम्हांला आल्या दिवशीच बजावलंय. त्यात काय आहे हे मात्र तिने सांगितलं नाही, आणि धाकट्याला नेमकं तेवढंच हवंय. तर बसा. पाऊस असा लागलाय की झेनिथच्या धबधब्याकडे आज तुम्हांला कुणी सोडणार नाही, आणि ही गोष्टही दोन मिनिटांत आटपणारी नाही. ती इटलीतल्या समुद्रकाठी सुरू होते, मुंबईला परळात टेकते, न्यूयॉर्क आणि ॲमस्टरडॅम फिरून आपल्या खोपोलीच्या घरात शिरते.

आधी मला सांगा, सकाळपासून पोटात काय काय गेलं? तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, ताक, आणि आजीला कळू न देता स्टेशनजवळ खाल्लेले वडापाव. यातलं काहीही तुमचं नव्हे. वालाचं प्रथिन वालाचं, ताकातलं म्हशीचं. तेच प्रथिन सुईने रक्तात टोचलं, तर शरीर ते परकं म्हणून ओळखेल आणि त्याच्या पाठी लागेल. तोंडावाटे गेलं की मात्र शरीर गप्प बसतं. बरं, अन्नाचं सोडा. माणसाच्या अंगात राहणाऱ्या जिवाणूंची शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये नव्याने मोजदाद केली, तेव्हा आकडा आला सुमारे ३८ लाख कोटी. आपल्या स्वतःच्या पेशी ३० लाख कोटींच्या आसपास. म्हणजे डोकी मोजायची ठरवली तर आपल्याच अंगात आपण थोडे कमी भरू. आणि हे जिवाणू बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात.

त्या जिवाणूंच्या आणि तुमच्या रक्ताच्या मध्ये काय आहे? थोडा बुळबुळीत श्लेष्मा आणि त्याखाली पेशींचा एक थर. एकच थर, केसाच्या जाडीहूनही पातळ. तोसुद्धा कायमचा नाही, चार-पाच दिवसांत जुन्या पेशी गळतात आणि नव्या येतात. या थराच्या अगदी पाठीशी शरीरातल्या रोगप्रतिकारक पेशींचा सगळ्यांत मोठा जमाव असतो. एका बाजूला लाखो कोटी परके जीव, दुसऱ्या बाजूला त्यांना मारायला शिकलेल्या पेशी, मध्ये एवढासा पडदा, आणि तरी रोज शांतता. शरीराची जी नवलं मला ठाऊक आहेत, त्यांत याहून मोठं मला दुसरं दिसत नाही. शरीर लढतं कसं हे सगळे सांगतात. टीव्हीवर तर ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ म्हणून पावडरी विकतात. शरीर लढायचं कसं टाळतं, याची गोष्ट फार थोडे सांगतात. तुमच्या मामाच्या पोटाच्या दुखण्याची मुळं तिथे आहेत.

आता इटलीला चला. साल १८८२, सिसिली बेटावरचं मेसिना शहर. तिथे इल्या मेचनिकॉफ नावाचा रशियन प्राणिशास्त्रज्ञ राहायला आला होता. एके दिवशी घरची सगळी मंडळी सर्कशीतली माकडं बघायला गेली आणि हा एकटा सूक्ष्मदर्शकाशी बसला. समोर होती तारामाशाची अळी. ती आरपार दिसते, त्यामुळे तिच्या पोटात फिरणाऱ्या पेशी त्याला जिवंत हलताना दिसत होत्या. त्याच्या मनात आलं, या पेशी नुसत्या हिंडत नसतील, अंगात काही घुसलं तर त्याच्याकडे धावत असतील. उठला, बागेत गेला, गुलाबाचे काटे तोडून आणले आणि अळीच्या कातडीखाली खुपसले. रात्रभर त्याला झोप नाही. पहाटे बघतो तर काट्याभोवती पेशींचा गराडा! शरीरातल्या काही पेशी परक्या वस्तूला घेरतात आणि गिळतात, हे माणसाला पहिल्यांदा असं कळलं. त्याबद्दल १९०८ मध्ये त्याला नोबेल मिळालं. पुढे म्हातारपणी हाच मेचनिकॉफ आतड्यातल्या जिवाणूंच्या नादी लागला आणि लोकांना आंबवलेलं दूध प्या म्हणून सांगू लागला. आपल्या ताकाची त्याला खबर असती तर तो इकडेच आला असता, असं मला नेहमी वाटतं.

तो नाही आला, पण त्याचा विद्यार्थी आला. वाल्डेमार हाफकिन. ओडेसाला तो मेचनिकॉफच्या हाताखाली शिकला, मग पॅरिसला गेला, तिथे कॉलऱ्याची लस तयार केली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग फुटला तेव्हा त्याला बोलावून घेतलं. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याने प्लेगची लस केली आणि १० जानेवारी १८९७ ला पहिल्यांदा टोचली ती स्वतःच्याच अंगात. परळची हाफकिन संस्था त्याच्या नावाची.

कॉलऱ्याचं नाव निघालं म्हणून सांगतो. १८५६ मध्ये आगगाडी खोपोलीपर्यंत आली आणि घाटाच्या पायथ्याशी थांबली. पुढे खंडाळ्यापर्यंत पालखीने, नाहीतर तट्टावर बसून जायचं. घाटातला लोहमार्ग १८६३ ला सुरू झाला. तो बांधताना हजारो मजूर मेले, दरडीखाली आणि सुरुंगात मेले, आणि कॉलऱ्याच्या साथीत तर ढिगाने मेले. पोटाचं दुखणं म्हणजे बाहेरून पाण्यावाटे आलेला जंतू, हे त्या काळी अगदी खरं होतं. अजूनही पुष्कळदा तेच खरं असतं. म्हणूनच मामाचं दुखणं ओळखायला इतका वेळ लागला. त्याच्या पोटात असा कुठलाच जंतू शिरला नव्हता.

मोठी विचारते तेच मेचनिकॉफच्या गोष्टीतलं राहून गेलेलं कोडं आहे: काट्यापासून लांब असलेल्या पेशींना काटा टोचलाय हे कळलं कसं? पेशींना डोळे नाहीत, कान नाहीत. त्यांना निरोप पोचवावा लागतो. हा निरोप म्हणजे एक छोटंसं प्रथिन. संकटाजवळची पेशी ते बाहेर सोडते. शेजारच्या पेशीच्या अंगावर ते बसेल अशी जागा असते. तिथे ते नेमकं बसलं की पेशीच्या आत हालचाल सुरू होते. या निरोप-प्रथिनांना सायटोकाइन म्हणतात. पहिलं हाती लागलं १९५७ मध्ये, लंडनला, ॲलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमान या दोघांना. विषाणू शिरलेली पेशी इतर पेशींना सावध करते, ती ज्या प्रथिनाने करते त्याचं नाव त्यांनी इंटरफेरॉन ठेवलं. मग एकामागून एक इतकी सापडत गेली की १९७९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या एका बैठकीत शास्त्रज्ञांनी सरळ क्रमांक द्यायचं ठरवलं. इंटरल्यूकिन १, इंटरल्यूकिन २ असे. आज ते आकडे तिशीच्या पलीकडे गेलेत.

या निरोपांची मात्रा म्हणाल तर नगण्य. रक्तात ती मोजायची तर ग्रॅमचे एक लाख कोटी भाग करून त्यांतले काही मोजावे लागतात. पण परिणाम बघा. टीएनएफ नावाचा एक निरोप आहे, तो आपल्या गोष्टीत पुढे पुष्कळ येणार आहे. तो सुटला की जवळच्या रक्तवाहिन्यांची आतली बाजू चिकट होते, वाहत्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे अडकतात, भिंतीतल्या फटींतून बाहेर पडतात आणि जागा लाल, गरम, सुजलेली होते. पायात बाभळीचा काटा मोडला की जे होतं ते हेच. ती सूज तुमच्या भल्यासाठी असते. दोन-चार दिवसांत ती ओसरते. ती आपोआप ओसरते असं आपण समजतो, पण आपोआप काही होत नाही. ‘या’ असा निरोप जसा जातो, तसाच ‘आता पुरे, थांबा’ असाही जावा लागतो.

हे मला पटकन कळलं, कारण माझी सगळी नोकरी कर्जतला बँकर इंजिनांवर गेली. गाडी घाट चढते तेव्हा मागून बँकर लावून ढकलतात, ते लोक कौतुकाने बघतात, फोटो काढतात. पण घाटाचं खरं अवघड काम उतरण्याचं. सदतिसाला एक असा उतार आहे. म्हणून उतरणीवर जागोजागी कॅच सायडिंग ठेवल्यात. मुख्य रुळापासून फुटून डोंगराच्या अंगावर चढत जाणारा आंधळा रूळ. आणि सांधा नेहमी त्या आंधळ्या रुळाकडेच लावलेला असतो, बरं का! ड्रायव्हरने गाडी पूर्ण थांबवून दाखवली, ब्रेक धरतोय हे सिद्ध झालं, की मगच सांधा मुख्य रुळाला मिळतो. म्हणजे घाटाने गृहीतच धरलंय की येणारी गाडी सुटलेली असणार. आतड्याने नेमकं तसंच केलंय. तिथे रोज इतकं परकं येतं की थांबवण्याचा बंदोबस्त हाच तिथला नेहमीचा कायदा, आणि सूज येऊ देणं हा अपवाद.

तो बंदोबस्त काढून घेतला तर काय होईल? हे जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी करून बघितलं. इंटरल्यूकिन १० हा ‘थांबा’ म्हणणारा एक मोठा निरोप. त्याचा जनुकच नसलेले उंदीर त्यांनी तयार केले आणि १९९३ मध्ये निकाल छापला. त्या उंदरांचं फुप्फुस ठीक, कातडी ठीक, पण आतडी मात्र सुजून, जखमा होऊन खराब झाली. दुसऱ्या शास्त्रज्ञांनी पुढे तेच उंदीर एकही जिवाणू नसलेल्या निर्जंतुक पिंजऱ्यात वाढवून पाहिले, तर आतड्याला काही झालं नाही. जिवाणू वाईट नव्हते. रोजचेच होते, तुमच्या-माझ्या पोटात असतात तसे निरुपद्रवी. फक्त त्यांच्याकडे काणाडोळा कर असं सांगणारा निरोप नव्हता.

त्याच १९९३ च्या सुमारास फियोना पाउरी या शास्त्रज्ञ बाईंनी दाखवलं की टी-पेशी नावाच्या रोगप्रतिकारक पेशींपैकी काहींचं कामच मुळी इतरांना आवरण्याचं असतं. प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरात नुसत्या लढाऊ टी-पेशी सोडल्या तर आतडं सुजतं, सोबत या आवरणाऱ्या पेशी सोडल्या तर नाही. जपानच्या शिमोन साकागुची यांनी अशा आवरणाऱ्या पेशी नेमक्या ओळखल्या, आणि २०२५ चं वैद्यकाचं नोबेल त्यांना आणि अमेरिकेतल्या मेरी ब्रंको, फ्रेड रॅम्सडेल यांना याच विषयासाठी मिळालं. लढणाऱ्या पेशींना नोबेल मिळाल्यावर आवरणाऱ्यांची पाळी यायला शंभरावर वर्षं गेली.

उंदरांची गोष्ट माणसाला लागू पडते का? २००९ मध्ये त्याचं उत्तर आलं, आणि ते वाचून मी बराच वेळ गप्प बसलो होतो. काही तान्ह्या बाळांना जन्मानंतर थोड्याच महिन्यांत आतड्याचा भयंकर विकार होतो. जर्मनीतल्या हॅनोव्हरचे क्रिस्टोफ क्लाइन आणि त्यांचे सहकारी यांनी अशा मुलांचे जनुक तपासले. त्यांच्यात इंटरल्यूकिन १० तयार होत होतं, पण पेशीवर ते बसायची जागाच बिघडलेली होती. निरोप जात होता, घेणारं कुणी नव्हतं. त्यांतल्या एका मुलाला दुसऱ्याची अस्थिमज्जा दिली. नव्या मज्जेतून आलेल्या पेशींना तो निरोप कळत होता. मूल बरं झालं.

मोठ्या माणसांत गोष्ट इतकी सरळ नसते. एका जनुकाकडे बोट दाखवून मोकळं होता येत नाही. युरोपातल्या पुष्कळ रुग्णांत नॉड २ नावाच्या जनुकातले बदल २००१ मध्ये सापडले, तेव्हा वाटलं होतं की कुलूप उघडलं. हैदराबादच्या संशोधकांनी आपल्याकडच्या रुग्णांत ते शोधले, तर त्यांचा संबंध लागेना. दुखणं तेच, वाट वेगळी. आणि हा गोऱ्या लोकांचा रोग, आपल्याकडे नसतोच, असं म्हणायचीही सोय राहिलेली नाही. लुधियानाच्या डॉ. अजित सूद यांनी पंजाबात घरोघरी जाऊन पाहणी केली आणि २००३ मध्ये छापलं की लाखामागे ४४ जणांना अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. तो मोठ्या आतड्याच्या अस्तराचा रोग. मामाला आहे तो त्याचा भाऊबंद, क्रोन्स. तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होतो आणि आतड्याच्या भिंतीत खोल जातो. न्यूयॉर्कच्या बरिल क्रोन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९३२ मध्ये चौदा रुग्णांवरून त्याचं वर्णन केलं, म्हणून त्यांचं नाव.

आता त्या टीएनएफकडे येऊ, कारण फ्रिजमधल्या खोक्याशी त्याचा संबंध आहे.

त्याचा शोध तीन वाटांनी लागला, आणि तीन वाटांवरच्या माणसांना कितीतरी वर्षं कळलं नाही की आपण एकाच ठिकाणी चाललोय. पहिली वाट कर्करोगाची. १८९१ मध्ये न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक विल्यम कोली यांच्या पाहण्यात आलं की एका माणसाला कातडीचा कडक जंतुसंसर्ग झाला, सडकून ताप आला, आणि त्याची कर्करोगाची गाठ विरघळली. कोली रुग्णांना मुद्दाम जंतू टोचू लागले. कधी गुण यायचा, कधी नाही. १९७५ मध्ये त्याच शहरात लॉइड ओल्ड आणि एलिझाबेथ कार्सवेल यांनी उंदरांना आधी बीसीजी टोचलं, मग जिवाणूंचं विष, आणि त्यांच्या रक्तातून गाठ मारणारं द्रव्य वेगळं काढलं. टीएनएफ हे नाव त्या गाठ मारण्यावरून पडलं. दुसरी वाट जनावरांची. अँथनी सेरामी हे शास्त्रज्ञ जंतू अंगात कमी असूनही झडत जाणाऱ्या, हाडांचा सापळा होणाऱ्या जनावरांचा छडा लावत होते. झिजवणारं द्रव्य त्यांना आणि ब्रूस ब्यूटलर यांना मिळालं आणि १९८५ मध्ये उघड झालं की ते टीएनएफच आहे! मामाचं वजन उतरत उतरत ४६ किलोवर आलं होतं, आठवतं? मामी म्हणायची की जेवतो तरी अंगी लागत नाही. त्यातला काही भाग आतडं अन्न शोषत नव्हतं म्हणून होता, आणि काही या निरोपाचा होता.

तिसरी वाट सांध्यांची. रविंदर मैनी नावाचे डॉक्टर, जन्म लुधियानाचा, काम लंडनला. त्यांनी आणि मार्क फेल्डमन यांनी ताडलं की आमवाताने सुजलेल्या सांध्यात असंख्य निरोप असले, तरी टीएनएफ त्यांतल्या पुष्कळांना उठवतो. तो एक अडवला तर बाकीचे मंदावतील. लोक म्हणाले, एक अडवून काय होणार, दुसरा त्याची जागा घेईल. अडवायचा कसा? तर प्रतिपिंडाने, म्हणजे एखाद्या वस्तूला नेमकं पकडणाऱ्या प्रथिनाने. एकाच प्रकारचं प्रतिपिंड हवं तेवढं तयार करायची युक्ती कोलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ मध्येच काढली होती. न्यूयॉर्कच्या यान व्हिल्चेक आणि जुनमिंग ल यांनी टीएनएफला नेमकं पकडणारं प्रतिपिंड बनवलं. मैनी-फेल्डमन यांनी १९९२ मध्ये ते रुग्णांना दिलं आणि सांधे धरलेली माणसं काही दिवसांत जिने चढू लागली.

आतड्याची पाळी आली ॲमस्टरडॅमला. तिथे बारा-तेरा वर्षांची एक मुलगी होती, आपल्या मोठीच्या वयाची. क्रोन्सने बेजार, औषधं लागू पडेनात. तिच्या डॉक्टरांनी तेच प्रतिपिंड तिला दिलं. ताप गेला, जखमा भरल्या. काही महिन्यांनी दुखणं परतलं, पण डॉक्टरांनी जे बघायचं ते बघितलं होतं. १९९३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ते छापलं. मग १०८ रुग्णांवर रीतसर चाचणी झाली. नेमक्या मात्रेत औषध मिळालेल्यांपैकी ८१ टक्क्यांना चार आठवड्यांत उतार पडला, खोटं औषध मिळालेल्यांपैकी १७ टक्क्यांना. १९९८ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. ते इन्फ्लिक्सिमॅब. मामाचं ॲडालिमुमॅब हे त्याचं पुढचं भावंड, दर पंधरा दिवसांनी पोटाच्या कातडीखाली टोचायचं. तेही प्रतिपिंड आहे, म्हणजे प्रथिन, उष्णतेने बिघडतं, म्हणून फ्रिजमध्ये. कळलं आता, हात का लावायचा नाही?

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं, असं तुमच्या मामीला वाटतं. पण आपण राहतो ते ॲमस्टरडॅम नव्हे.

मामाला सुरुवातीला उजव्या बाजूला, कमरेच्या वर दुखायचं, जुलाब व्हायचे. कुणी आव म्हणालं, कुणी संग्रहणी, कुणी मूळव्याधीचं औषध दिलं. मग दुर्बिणीची तपासणी झाली. लहान आतडं मोठ्याला मिळतं तिथे जखमा दिसल्या. आता ही जागा अशी की तिथे क्रोन्सही बसतो आणि आतड्याचा टीबीही बसतो. दुर्बिणीतून दोघं सारखे. तुकडा काढून तपासला तरी पुष्कळदा दोन्हींत पेशींचे तसेच गोळे. युरोपातला डॉक्टर सरळ क्रोन्स म्हणेल. आपल्याकडे टीबी इतका आहे की आधी त्याची शंका घेणं हाच शहाणपणा. म्हणून मामाला आधी एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, चालू केली. काही महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घातली, जखमा तशाच, तेव्हा क्रोन्स ठरलं. त्या वेळी मी डॉक्टरांवर रागावलो होतो. पुढे वाचल्यावर राग गेला, आणि का गेला ते तुम्हांला कळायला हवं.

टीबीचा जंतू फुप्फुसात शिरला की शरीराला तो बहुतेक वेळा पूर्ण मारता येत नाही. मग पेशी त्याच्याभोवती गोळा होतात, त्याला घट्ट कोंडतात, आणि तो तिथे वर्षानुवर्षं निपचित पडून राहतो. आपल्या देशात २०१९ ते २१ मध्ये मोठी पाहणी झाली, तिच्यात पंधरा वर्षांवरच्या माणसांपैकी सुमारे ३१ टक्के लोकांच्या अंगात टीबीचा असा संसर्ग आढळला. आजारी नाहीत, खोकत नाहीत, पण जंतू आहे. आणि त्या पेशींना ‘जागा सोडू नका’ म्हणून सतत सांगणारा निरोप कुठला? टीएनएफ.

जो मामाचं आतडं जाळत होता तोच. म्हणून त्याला दुष्ट म्हणू नका. मोठीच्या पुस्तकात चित्र आहे ना, लाल रंगाचे वाईट निरोप आणि हिरवे चांगले? ते चित्र मला पटत नाही. २००१ मध्ये जोसेफ कीन आणि इतरांनी इन्फ्लिक्सिमॅब घेणाऱ्यांत उफाळलेल्या टीबीचे ७० रुग्ण नोंदवले. बहुतेकांना औषध सुरू केल्यापासून काही आठवड्यांतच झाला होता, आणि निम्म्याहून अधिकांना फुप्फुसाबाहेर. अडवलेला निरोप तिथे हवा होता. समजा, मामाला टीबीच असता आणि कुणी घाईने हे इंजेक्शन दिलं असतं, तर? तेव्हापासून कुणालाही हे औषध देण्याआधी छातीचा फोटो आणि टीबीची तपासणी करतातच, आणि लपलेला संसर्ग सापडला तर आधी त्याच्या गोळ्या देतात. मामाला आजही आठवडाभर बारीक ताप राहिला किंवा खोकला लांबला तर ‘पावसाळा आहे, होतं असं’ म्हणून चालत नाही. त्याने दडवलं तर तुम्ही मला येऊन सांगायचं. ही चहाडी नव्हे.

निरोपांना एका रंगात रंगवण्याची खोड शास्त्रज्ञांनाही होती, आणि एका चाचणीने ती चांगलीच मोडली. क्रोन्सच्या आतड्यात इंटरल्यूकिन १७ भरपूर सापडतं. सोरायसिसमध्येही ते भरपूर असतं आणि ते अडवलं की कातडी झक्क बरी होते. मग आतड्यातही अडवू या, असं सगळ्यांना वाटणं साहजिक होतं. चाचणी झाली, २०१२ मध्ये निकाल आला: औषध घेणाऱ्यांचं दुखणं खोटं औषध घेणाऱ्यांपेक्षा वाढलं, बुरशीचे संसर्गही जास्त झाले. कारण आतड्यात तो निरोप पडद्याच्या पेशींना सांगत असतो की फटी बुजवा, बुरशीला आवरा. जखमेजवळ तो भरपूर होता, कारण तो जखम सांभाळत होता. गंमत अशी की त्याच्या वरच्या पायरीवरचा इंटरल्यूकिन २३ अडवला की क्रोन्सला उतार पडतो. एक पायरी वर फायदा, एक पायरी खाली नुकसान.

आणि ‘थांबा’ म्हणणारा इंटरल्यूकिन १० थेट टोचला तर? ते सगळ्यांत आधी सुचलं होतं. २००० च्या आसपास मोठ्या चाचण्या झाल्या, फारसा उपयोग झाला नाही. हा निरोप जिथे हवा तिथे, शेजारच्या पेशीकडून, योग्य वेळी मिळावा लागतो. सगळ्या रक्तात ओतून काम होत नाही.

टीएनएफ अडवूनही सुमारे तिसऱ्या हिश्शाच्या रुग्णांना पहिल्यापासूनच गुण येत नाही. ऑक्सफर्डला पाउरीबाईंच्याच गटाने २०१७ मध्ये दाखवलं की अशांच्या आतड्यात ऑन्कोस्टॅटिन एम नावाचा आणखी एक निरोप फार चढलेला असतो. उद्या कदाचित आतड्याचा तुकडा तपासून आधीच सांगता येईल की या माणसात कुठला निरोप माजलाय, आणि तोच अडवतील. काही औषधं निरोप अडवत नाहीत, पेशीच्या आत तो पोचतो ती वाटच बंद करतात. त्यांतली एक टोफासिटिनिबची गोळी, ती अल्सरेटिव्ह कोलायटिसला देतात, आणि आपल्याकडे तिच्या स्वस्त गोळ्या मिळतात.

मामाचं ॲडालिमुमॅब परवडतं तेही असंच. मूळ औषध २००२ मध्ये अमेरिकेत आलं तेव्हा ते आपल्यासारख्यांसाठी नव्हतंच. डिसेंबर २०१४ मध्ये अहमदाबादच्या झायडस कंपनीने त्याचं समरूप औषध भारतात काढलं, जगात पहिल्यांदा, अमेरिकेतल्या किमतीच्या सुमारे पाचव्या हिश्शात. तरी महिन्याच्या बिलावर मामी दोनदा नजर फिरवते. तेवीस नंबरच्या निरोपावरची औषधं अजून त्याच्या कितीतरी वर आहेत, आणि ज्याला टीएनएफचं औषध लागू पडत नाही, असा खोपोलीतला एखादा कारखान्यातला मुलगा आज ती घेऊ शकत नाही. मोठी सायन्सला जायचं म्हणतेय, म्हणून तिला हे मुद्दाम सांगतोय: निरोप ओळखणारे पुष्कळ झाले, ते अडवणारं प्रथिन स्वस्तात बनवणारे अजून हवे आहेत.